काळोखात चमकणारे घड्याळ आणि लॉर्ड रदरफोर्ड

जून १९०३. पॅरिसमधली एक संध्याकाळ. मारी क्यूरी यांना त्याच दिवशी डॉक्टरेट मिळाली होती आणि त्यानिमित्त भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांच्या घरी मित्रमंडळी जेवायला जमली होती. पाहुण्यांमध्ये कॅनडाहून आलेला, मूळचा न्यूझीलंडचा, धिप्पाड आणि खणखणीत आवाजाचा एक तरुण प्राध्यापक होता. त्याचे नाव अर्नेस्ट रदरफोर्ड. जेवणानंतर सगळे अंधाऱ्या बागेत आले, तेव्हा प्येर क्यूरी यांनी काचेची एक नळी बाहेर काढली. नळीच्या काही भागाला झिंक सल्फाइडचा लेप दिला होता आणि आत रेडियमचे बरेच तीव्र द्रावण होते. नळी अंधारात झगझगली. सगळे हरखून गेले. रदरफोर्ड यांना मात्र त्याच उजेडात आणखी एक गोष्ट दिसली. ती नळी धरणारे प्येर यांचे हात लाल झाले होते, सोलवटले होते आणि सुजले होते.

काचेची नळी, तिला झिंक सल्फाइडचा लेप आणि आत किरणोत्सारी पदार्थ. आज काही महागड्या मनगटी घड्याळांत, होकायंत्रांत आणि विमानतळ-चित्रपटगृहांच्या ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ दाखवणाऱ्या काही पाट्यांत जो उजेड विजेशिवाय, सेलशिवाय वर्षानुवर्षे टिकतो, त्याची रचना जवळपास हीच आहे. फरक आत भरलेल्या पदार्थाचा. तिथे रेडियमऐवजी ट्रिटियम असते. हे ट्रिटियम पहिल्यांदा निर्माण केले ते रदरफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच. पण ते काय आहे हे मात्र रदरफोर्ड यांना अखेरपर्यंत कळले नाही. ज्या माणसाने किरणोत्साराचे शास्त्र उभे केले, त्याच्याच हातून हे निसटावे, ही विज्ञानाच्या इतिहासातली एक चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

रदरफोर्ड यांचा जन्म ३० ऑगस्ट १८७१ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, नेल्सन गावाजवळ झाला. बारा भावंडांत ते चौथे. वडील गाड्यांची चाके बनवत, पुढे त्यांनी अंबाडीसारख्या एका धाग्याच्या पिकाची गिरणी चालवली. आई शाळेत शिक्षिका होती. घरात पैसा बेताचाच, त्यामुळे शिक्षण सारे शिष्यवृत्त्यांवर झाले. इंग्लंडला जायची शिष्यवृत्तीसुद्धा आधी दुसऱ्याला मिळाली होती. त्याने ती नाकारली म्हणून दुसऱ्या क्रमांकावरच्या रदरफोर्ड यांचा नंबर लागला. ही बातमी आली तेव्हा ते शेतात बटाटे खणत होते, असे सांगतात. १८९५ साली ते केंब्रिजला, कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांच्याकडे पोचले.

पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये बेकेरेल यांना युरेनियममधून अदृश्य किरण बाहेर पडतात असे आढळले आणि रदरफोर्ड यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. हे किरण एकाच प्रकारचे नाहीत, हे त्यांनी दाखवले. कागदानेसुद्धा अडणाऱ्या किरणांना त्यांनी अल्फा म्हटले आणि त्याहून अधिक आत शिरणाऱ्यांना बीटा. घड्याळातल्या उजेडाच्या सुरक्षिततेची सारी चर्चा आजही याच दोन शब्दांभोवती फिरते.

१८९८ साली ते कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे थोरियममधून निघणाऱ्या एका वायूचा अभ्यास करताना त्यांना दिसले, की त्याचा किरणोत्सार सुमारे एका मिनिटात निम्मा होतो, पुढच्या मिनिटात उरलेल्याचा निम्मा. कितीही घ्या, कुठेही ठेवा, तापवा किंवा गोठवा, हा हिशेब बदलत नाही. ‘अर्धायुष्य’ ही कल्पना अशी १९०० साली जन्माला आली. मग फ्रेडरिक सॉडी या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या साथीने त्यांनी सिद्ध केले, की किरणोत्सारात एका मूलद्रव्याचे दुसऱ्या मूलद्रव्यात रूपांतर होत असते. किमयागारांचे स्वप्न निसर्ग स्वतःच पुरे करत होता. या कामासाठी १९०८ साली त्यांना नोबेल मिळाले, तेही रसायनशास्त्राचे. भौतिकशास्त्राशिवाय इतर विज्ञानांना फारशी किंमत न देणाऱ्या या गृहस्थांची त्यावरून बरीच थट्टा झाली आणि त्यांनीही ती हसून केली.

तोवर ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आले होते. तिथल्या तळघरातल्या काळोखात जे घडले ते शाळेच्या पुस्तकांतून सगळ्यांना माहीत असते: सोन्याचा पातळ पत्रा, त्यावर सोडलेले अल्फा कण, त्यांतले मोजके कण उलटे फिरले, आणि त्यावरून १९११ साली अणूच्या मध्यभागी इवलेसे केंद्रक असल्याचा निष्कर्ष. पुस्तकांत सहसा नसते ते हे, की कण मोजण्याचे यंत्र म्हणजे माणसाचा डोळा होता. झिंक सल्फाइड लावलेल्या पडद्यावर अल्फा कण आदळला की ठिणगीसारखा एक बारीक ठिपका क्षणभर चमके. मोजणाऱ्याने आधी अर्धा तास अंधारात बसून डोळे सरावून घ्यायचे, मग सूक्ष्मदर्शकातून एकेक ठिपका मोजायचा. हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी असे एक लाखाहून अधिक ठिपके मोजले. खुद्द रदरफोर्ड यांचा धीर काही मिनिटांतच सुटत असे. शिव्या हासडत ते बाजूला होत आणि काम गायगर यांच्या गळ्यात पडे.

चमकणाऱ्या घड्याळाची तबकडी भिंगाखाली धरली तर तिथेही हेच चाललेले असते. सलग दिसणारा उजेड म्हणजे असंख्य सूक्ष्म ठिणग्यांची बेरीज. १९१० साली रदरफोर्ड यांनी या उजेडाचा सिद्धान्त मांडला. पदार्थातली काही ठरावीक केंद्रे अल्फा कणाच्या माऱ्याने प्रकाश देतात आणि त्या प्रक्रियेत ती स्वतः नष्ट होत जातात, असा त्याचा गाभा. रोजच्या व्यवहारात या निबंधाचा अर्थ महत्त्वाचा आहे. रेडियमचा रंग दिलेले जुने घड्याळ काही वर्षांत चमकेनासे होते, पण ते रेडियम संपले म्हणून नव्हे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. संपलेले असते ते झिंक सल्फाइड. आजोबांच्या पेटीत सापडलेले, अंधारात अजिबात न चमकणारे, पिवळट-तपकिरी आकड्यांचे घड्याळ म्हणूनच निरुपद्रवी मानू नये.

पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना आणि वैमानिकांना रात्री वेळ दिसावी म्हणून रेडियमच्या रंगाला प्रचंड मागणी आली. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावी कारखान्यात तरुण मुली हा रंग तबकड्यांवर भरत आणि कुंचल्याचे टोक बारीक करण्यासाठी ते ओठांत धरत. तशीच पद्धत त्यांना शिकवलेली होती. पोटात गेलेले रेडियम शरीर कॅल्शियमसारखे हाडांत साठवते आणि तिथून अल्फा कणांचा मारा आयुष्यभर चालू राहतो. मुलींचे दात पडले, जबडे कुजले, काही जणी तरुणपणीच दगावल्या. १९२८ साली त्यांच्यातल्या पाच जणींना न्यायालयाबाहेरच्या तडजोडीत भरपाई मिळाली. चमकत्या घड्याळांविषयी लोकांच्या मनात आजही जी धास्ती आहे, तिचे मूळ इथे आहे आणि ती धास्ती रेडियमच्या बाबतीत रास्तच होती. (गाड्यांच्या नंबरप्लेटवर चिकटवायचे ज्याला आपण सर्रास ‘रेडियम’ म्हणतो, त्यात मात्र रेडियमचा कणही नसतो. तो नुसता उजेड परतवणारा प्लास्टिकचा कागद असतो.)

१९१९ साली रदरफोर्ड थॉमसन यांच्या जागी कॅव्हेंडिशचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला, कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी यंत्राच्या साह्याने अणुकेंद्रक फोडले. मुंबईचा होमी भाभा नावाचा तरुण याच काळात केंब्रिजमध्ये इंजिनीअरिंगकडून भौतिकशास्त्राकडे वळला. बाहेरून पाहता हे वैभवाचे दिवस होते. घरात मात्र डिसेंबर १९३० मध्ये एकुलती एक मुलगी आयलीन चौथ्या बाळंतपणानंतर वारली. त्यानंतर काही दिवसांतच रदरफोर्ड यांना लॉर्ड हा किताब जाहीर झाला. मुलीच्या दुःखात त्याचा आनंद फारसा उरला नव्हता.

आता ट्रिटियमकडे यायला हवे. अमेरिकेत हॅरल्ड यूरी यांना नेहमीच्या हायड्रोजनच्या दुप्पट वजनाचा हायड्रोजन सापडला होता. यूरी यांनी त्याला ड्यूटेरियम म्हटले. रदरफोर्ड यांना ते नाव पसंत नव्हते, त्यांनी ‘डिप्लोजन’ सुचवले, पण ते कुणी उचलले नाही. या ड्यूटेरियमचे जड पाणी कॅलिफोर्नियातून गिल्बर्ट लुईस यांनी केंब्रिजला पाठवले. १९३४ साली मार्क ऑलिफंट, पॉल हार्टेक आणि रदरफोर्ड यांनी ड्यूटेरियमच्या केंद्रकांचा वेगवान झोत ड्यूटेरियमवरच सोडला. निकाल चक्रावून टाकणारे होते. ऑलिफंट थकून घरी जाऊन झोपले आणि पहाटे तीन वाजता फोन खणाणला. पलीकडे रदरफोर्ड होते. त्यांना उलगडा झाला होता. दोन केंद्रके एकत्र येऊन कधी तिप्पट वजनाचा हायड्रोजन आणि कधी तीन वजनाचा हेलियम तयार होतो, असा तो उलगडा. इतक्या रात्री त्यांच्यापाशी गणित नव्हते, होती ती निव्वळ आतून आलेली खात्री. ती खरी ठरली. तिप्पट वजनाचा हायड्रोजन म्हणजेच ट्रिटियम. ग्रीक भाषेतल्या ‘तिसरा’ या शब्दावरून हे नाव आले. आपला ‘तृतीय’ त्याच घराण्यातला.

प्रश्न पुढचा होता. या दोन भावंडांतला टिकाऊ कोण आणि किरणोत्सारी कोण? दोघांच्या वजनात इतका सूक्ष्म फरक आहे, की त्या काळच्या मापांवरून सांगणे अवघड होते. रदरफोर्ड यांची समजूत झाली, की तिप्पट हायड्रोजन टिकाऊ असावा. टिकाऊ असेल तर तो निसर्गात थोडाफार सापडायलाच हवा. नॉर्वेत जड पाणी तयार करणाऱ्या कारखान्याकडून त्यांनी प्रचंड पाण्याचे विद्युत अपघटन करवून घेतले आणि अखेरीस उरलेला अगदी जड असा थोडा अंश मागवला. फ्रान्सिस ॲस्टन यांनी तो आपल्या वर्णपटमापकात तपासला. अणूंची वजने मोजण्यात ॲस्टन यांच्याएवढा वाकबगार माणूस जगात नव्हता. त्यांना ट्रिटियमचा मागमूसही लागला नाही. रदरफोर्ड यांनी ऑगस्ट १९३७ मध्ये ‘नेचर’मध्ये हा शोध निष्फळ ठरल्याचे प्रामाणिकपणे लिहून टाकले.

त्यांनी ट्रिटियम वजनाच्या काट्यावर शोधले. शोधायला हवे होते किरणोत्साराच्या मोजणीने, म्हणजे ज्या पद्धतीचे ते स्वतः जगातले पहिले उस्ताद होते तिने.

या निबंधानंतर दोन महिनेही ते जगले नाहीत. त्यांना बेंबीजवळ लहानसा हर्निया होता. तो बरीच वर्षे तसाच चालला होता आणि त्यासाठी दिलेला पट्टा ते मनाला येईल तसा वापरत. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यात आतडे अडकले. अशा वेळी आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि प्रत्येक तास मोलाचा असतो. नामांकित शल्यविशारदाला लंडनहून बोलावून शस्त्रक्रिया झाली, पण आतड्याचे कार्य पुन्हा सुरू झाले नाही. १९ ऑक्टोबरला, वयाच्या ६६ व्या वर्षी, ते गेले. अल्फा, बीटा आणि रेडियम यांच्या सहवासात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाचा अंत किरणोत्साराने नव्हे, तर दुर्लक्षित हर्नियाने झाला. (बेंबी किंवा जांघेतला फुगवटा अचानक दुखू लागला, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर आजही तातडीने रुग्णालय गाठायचे असते.) जानेवारी १९३८ मध्ये कोलकात्यात भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनाचे अध्यक्षपद ते भूषवणार होते. ते राहून गेले. त्यांच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबीत, न्यूटन यांच्या समाधीजवळ आहेत.

१९३९ साली कॅलिफोर्नियात लुई अल्वारेझ आणि रॉबर्ट कॉर्नोग यांनी कोडे सोडवले. टिकाऊ तो हेलियम, किरणोत्सारी तो ट्रिटियम. पुढे १९५० साली हवेतल्या हायड्रोजनमध्ये नैसर्गिक ट्रिटियम असल्याचे दाखवणाऱ्या दोघांपैकी एक होते पॉल हार्टेक, म्हणजे १९३४ च्या प्रयोगातले रदरफोर्ड यांचे तेच सहकारी. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हे ट्रिटियम वातावरणात सतत थोडेथोडे बनत असते. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतही ते तयार होते. आपल्या तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत जड पाणीच असते.

ट्रिटियम घड्याळात आले ते त्याच्या दुबळेपणामुळे. ते फक्त बीटा कण सोडते आणि तेही फार क्षीण. कणाची सरासरी ऊर्जा सुमारे ५,७०० इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर रेडियमच्या अल्फा कणाची जवळपास ४८ लाख. ट्रिटियमचा कण हवेत फार तर सहा मिलिमीटर जातो. काच तो ओलांडत नाही, आपल्या त्वचेचा वरचा मृत थरसुद्धा ओलांडत नाही. शिवाय झिंक सल्फाइडची तो अल्फाएवढी नासाडी करत नाही. १९६० च्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियम मिसळलेल्या रंगाने घेतली. मात्र त्या रंगातून थोडे ट्रिटियम हळूहळू बाहेर झिरपत असे. पुढे स्वित्झर्लंडमध्ये केसासारख्या बारीक काचनळ्यांना आतून चमकणारा लेप देऊन, आत ट्रिटियम वायू भरून, त्या लेझरने बंद करण्याची युक्ती निघाली. आजची घड्याळे याच प्रकारची.

अशा घड्याळाच्या तबकडीवर ‘टी २५’ किंवा त्यासारखी खूण असते. तिचा अर्थ किरणोत्सार २५ मिलिक्युरींच्या मर्यादेत आहे. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९२.५ कोटी केंद्रकांचा ऱ्हास. आकडा छाती दडपवणारा असला तरी त्यातला जवळपास कोणताही कण मनगटापर्यंत पोचत नाही. एकेकाळी सेकंदाला दहा लाख ऱ्हास म्हणजे एक ‘रदरफोर्ड’ असे एककही होते. त्या हिशेबाने हे घड्याळ ९२५ रदरफोर्डचे. ते एकक मागे पडले आणि आता बेकेरेल चालते.

धोका असतो तो ट्रिटियम शरीरात गेले तर. नळी फुटून वायू बाहेर पडला तर तो हवेत झपाट्याने विरतो आणि श्वासातून गेलेला वायू बहुतेक तसाच बाहेर येतो. पण ट्रिटियमचा प्राणवायूशी संयोग होऊन पाणी बनले, की शरीर त्याला साध्या पाण्यासारखेच सामावून घेते. हाडांत ते रेडियमसारखे साठत नाही, साधारण दहा दिवसांत निम्मे बाहेर पडते. त्यामुळे घड्याळातली एखादी नळी फुटली तर खिडक्या उघडाव्यात, थोडा वेळ खोलीबाहेर जावे, तुकडे उघड्या हातांनी चिवडू नयेत, हात धुवावेत. तेवढे पुरते. बाहेर जाण्याचा मार्ग दाखवणाऱ्या पाट्यांची गोष्ट वेगळी. त्यांत घड्याळाच्या शेकडो पट ट्रिटियम असू शकते. तशी पाटी फुटली तर जागा रिकामी करून जाणकारांना बोलवायला हवे, आणि तिची मुदत संपली तर ती भंगारात देता येत नाही.

कायद्याने रेघ कुठे ओढली आहे तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत २५ मिलिक्युरींपर्यंतचे घड्याळ वापरायला ग्राहकाला परवाना लागत नाही. त्याच ट्रिटियमची इवलीशी नळी घातलेली किल्ल्यांची साखळी मात्र तिथे विकता येत नाही, जरी तिच्यातले ट्रिटियम घड्याळापेक्षा कमी असले तरी. कारण खेळणी, दागिने अशा किरकोळ हौसेसाठी किरणोत्सारी पदार्थ वापरायचा नाही, असे तिथले धोरण आहे. धोका थोडा असला तरी त्या बदल्यात काही खरा उपयोग हवा, हा त्यामागचा विचार आहे आणि तो पटण्यासारखा आहे. भारतात किरणोत्सारी पदार्थांच्या वापरावर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतच आहे. परदेशी संकेतस्थळावरून चमकणारी साखळी किंवा होकायंत्र मागवण्याआधी मंडळाचे नियम पाहून घ्यावेत.

आज बाजारातली बहुतेक चमकणारी घड्याळे मुळात किरणोत्सारी नसतातच. त्यांत स्ट्राँशियम ॲल्युमिनेटचा लेप असतो. तो दिवसा उजेड साठवतो आणि रात्री काही तास सोडतो. ओळखायची सोपी खूण अशी: घड्याळ दोन दिवस बंद कपाटात ठेवावे आणि मध्यरात्री डोळे अंधाराला सरावल्यावर पाहावे. तेवढेच तेजस्वी असेल तर ट्रिटियम, मंदावले किंवा विझले असेल तर साधा लेप. जुने रेडियमचे घड्याळ यात फसवते, म्हणून पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घड्याळाची काच घरी उघडू नये आणि आकड्यांवरची पूड खरवडू नये. दुरुस्तीला देताना कारागिराला आधी सांगावे.

ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे. वापरलेले ट्रिटियम घड्याळ विकत घेताना म्हणूनच बनावटीचे साल पाहायचे. २००० साली तयार झालेल्या घड्याळात २०२५ साली ट्रिटियम पावच उरले होते, आणि माँट्रियलमध्ये मिनिटाच्या हिशेबाने सापडलेला नियम इथेही तसाच लागू असल्याने ते परत भरून येणार नाही. नळ्या बदलून मिळतात, पण ते काम परवानाधारक कारखान्याकडूनच करून घ्यावे लागते.